ट्रोलिंगसाठी होडीला दुसरे, छोटे आउटबोर्ड इंजिन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालत्या होडीमागे गळ सोडायचे, आमिष पाण्यातून ओढत राहायचे आणि मासा येईपर्यंत वेग ढळू द्यायचा नाही, ही ट्रोलिंगची रीत. जाळे ओढून मासेमारी करण्याशी तिचा काही संबंध नाही. होडीवरचे मोठे इंजिन लवकर पोहोचण्यासाठी बनवलेले असते, तासन्‌तास रेंगाळण्यासाठी नव्हे. म्हणून अनेक जण मागच्या बाजूला दुसरे छोटे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या बाहेर मागे लटकणारे इंजिन, लावतात. ते लावताना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. छोट्या इंजिनाबद्दलच्या बहुतेक तक्रारी एचपी कमी पडल्याच्या नसतात. पंखा चुकीच्या पाण्यात फिरत असतो. एक तर तो फार वर असतो किंवा होडीमागच्या फेसात असतो. लोक एचपीवर महिनोन्‌महिने विचार करतात आणि शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी मात्र जी मिळेल ती घेतात. माझ्या मते हा क्रम अगदी उलटा हवा.

मुख्य इंजिन चांगले चालते आहे. मग दुसऱ्याचा खर्च कशाला?

तीन कारणे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागू असतील तरच खर्च करावा असे नाही; एकही पुरेसे असू शकते.

पहिले कारण वेगाचे. दीडशे-दोनशे एचपीचे इंजिन गियरमध्ये टाकून नुसते आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवर, ठेवले तरी होडी बऱ्याचदा तीन नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) किंवा त्याहून जास्त वेगाने सरकते. साल्मन किंवा ट्राउटसाठी साधारण दीड ते तीन नॉट लागतात. जिवंत आमिष लावून सुरमईच्या मागे जायचे असेल तर एक-दोन नॉटच्या वर गेलात की आमिष मरते किंवा गरगर फिरू लागते. मोठे इंजिन त्याहून हळू चालायला तयारच नसते.

दुसरे कारण इंजिनाच्या तब्येतीचे. मोठे इंजिन फार काळ आयडलवर चालले तर पुरेसे तापत नाही. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये प्लग काळे पडतात आणि कार्बन साचतो. फोर-स्ट्रोकमध्ये, विशेषतः थंड पाण्यात, न जळलेले पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. शिवाय मोठ्या इंजिनाच्या तासांचा आकडा उगीच चढत जातो.

तिसरे कारण घरी परतण्याचे. त्याबद्दल खाली वेगळे लिहिले आहे, कारण त्यात बरेच गैरसमज आहेत.

म्हणजे प्रत्येक ट्रोलिंग करणाऱ्याला हे लागतेच?

नाही. कुपा किंवा तशाच वेगवान माशांसाठी सहा-आठ नॉटने आमिष ओढायचे असेल तर छोटे इंजिन कामाचे नाही; तिथे मुख्य इंजिनच चालवायचे. नवीन इलेक्ट्रॉनिक इंजिनांमध्ये बटणाने आयडलचे फेरे थोडे थोडे कमी-जास्त करता येतात. त्यावर तुमचा वेग जमत असेल तर आधी तेच वापरून पाहा.

वेग थोडासाच जास्त वाटत असेल तर पाण्यात कापडी ब्रेक, म्हणजे ड्रिफ्ट सॉक, सोडूनही तो उतरवता येतो. त्याची दोरी मात्र इतकी आखूड ठेवा की सॉक कोणत्याही परिस्थितीत पंख्यापर्यंत पोहोचणार नाही.

किती एचपी घ्यावे?

होडीचे वजन आणि वारा पाहून ठरवा. ढोबळ अंदाज असा: १४ ते १६ फुटांच्या हलक्या होडीला ४ ते ६ एचपी, १७ ते २२ फुटांना ८ ते ९.९ एचपी, त्याहून मोठ्या आणि केबिन असलेल्या जड होडीला ९.९ ते १५ एचपी, शक्यतो हाय-थ्रस्ट प्रकारातले (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात).

याहून जास्त घेऊन फारसे हाती का लागत नाही, हे समजून घ्या. होडी पाण्यावर उचलली न जाता पाणी कापत चालते तेव्हा तिच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. उत्तर नॉटमध्ये येते. टेकलेली लांबी १६ फूट असेल तर सुमारे ५.४ नॉट, २० फुटांना ६ आणि २५ फुटांना ६.७. या मर्यादेपाशी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. तिथून पुढे जायला ताकद थोडी नव्हे, कैक पटींनी जास्त लागते, आणि ती छोट्या इंजिनाकडे नसतेच. म्हणून २० फुटी होडीला ९.९ ऐवजी २० एचपी लावले तर वेग दुप्पट होत नाही, मागचे वजन मात्र वाढते. थोडी जास्त ताकद हवी ती वाऱ्यासाठी आणि प्रवाहासाठी. समोरून वारा असताना नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वळवता आली पाहिजे, इतकी पुरे.

हाय-थ्रस्ट म्हणजे नक्की काय? नावापुरतेच असते का?

नाही, फरक खरा आहे आणि जड होडीला तो लगेच जाणवतो. एचपी तेवढीच राहते, पण गियर बदललेला असतो आणि पंखा मोठा असतो. यामाहाचेच उदाहरण घ्या. साध्या एफ९.९ चा गियर २.०८:१ आहे आणि हाय-थ्रस्ट टी९.९ चा २.९२:१. इंजिनाचे मिनिटाला ५००० फेरे धरले तर पहिल्यात पंखा सुमारे २४०० वेळा फिरतो, दुसऱ्यात सुमारे १७००. पंखा सावकाश फिरतो, पण तो मोठा आणि कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) असल्यामुळे एका फेऱ्यात जास्त पाणी मागे ढकलतो.

जड होडीला छोटा, जोरात फिरणारा पंखा लावला की तो पाणी नुसते घुसळतो. सुकाणू फिरवल्यावर होडी उशिरा ऐकते आणि रिव्हर्समध्ये थांबता थांबत नाही. हाय-थ्रस्टमध्ये रिव्हर्सची पकड बरीच चांगली असते, आणि मोठा मासा होडीखाली शिरला की तिची किंमत कळते.

साधे इंजिन आधीच घरात असेल तर ते विकण्याची घाई नको. कमी पिचचा किंवा चार पात्यांचा पंखा लावून पाहा. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन त्याच्या माहितीपुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरवर तपासा. पोहोचत नसेल तर पंखा त्या होडीसाठी जड आहे आणि इंजिन कुंथत चालले आहे.

शाफ्ट किती लांब हवा?

या प्रश्नावर वेळ घालवा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

आउटबोर्डचे शाफ्ट साधारण तीन मापांत येतात: १५ इंच, २० इंच आणि २५ इंच. हे माप इंजिन ज्या कडेवर अडकते तिथपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंतचे असते. ही पट्टी पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये म्हणून असते. मुख्य इंजिनाची पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत ठेवतात, कारण होडी वेगात उचलली गेल्यावर पंख्याला स्वच्छ पाणी मिळते. छोट्या इंजिनाचे तसे नाही. होडी सावकाश चालते तेव्हा ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन लटकते त्या मागच्या उभ्या भिंतीच्या, लगेच मागे पाणी गोंधळलेले असते. त्यात होडी डुलते, आणि इंजिन मध्यावर नसून एका कडेला असल्यामुळे डुलण्याचा परिणाम तिथे जास्त होतो. म्हणून छोट्या इंजिनाची पट्टी बुडाच्या पातळीच्याही तीन-पाच सेंटिमीटर खाली असलेली बरी.

माप घेताना हमखास एक चूक होते. लोक ट्रान्समच्या मध्यावर माप घेतात. होडीचे बूड इंग्रजी व्हीच्या आकाराचे असेल तर ते मध्यावर सगळ्यात खाली असते आणि कडेकडे वर चढत जाते. तुमचे इंजिन कडेला बसणार आहे, म्हणून माप तिथलेच घ्या. इंजिन वर-खाली करणारा ब्रॅकेट असेल तर तो पूर्ण खाली असताना त्याच्या वरच्या कडेपासून सरळ खाली, त्याच जागेवरच्या बुडाच्या पातळीपर्यंत मोजा. होडी पाण्यात असताना, नेहमीची माणसे, पेट्रोल आणि बर्फ भरून, त्या जागी पाणी कुठपर्यंत येते याचीही खूण करून ठेवा.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर जास्त लांबीचा शाफ्ट घ्या. लांब शाफ्टचा तोटा म्हणजे वर उचलताना जागा जास्त लागते आणि उथळ पाण्यात जपावे लागते. आखूड शाफ्टचा तोटा म्हणजे प्रत्येक लाटेला पंखा हवा पितो, इंजिन किंचाळते, होडीचा वेग पडतो आणि आमिष खाली जाते. हे दिवसभर चालते. मात्र खाली नेण्याच्या नादात इंजिनाचे डोके पाण्याच्या फार जवळ आणू नका. मागून लाट आली किंवा तुम्ही रिव्हर्स घेतला की ते भिजता कामा नये.

ब्रॅकेट लावू की थेट ट्रान्समवर अडकवू?

ट्रान्समवर पुरेशी सपाट जागा असेल, उंची जुळत असेल आणि इंजिन तिथल्या तिथे पूर्ण वर उचलले जात असेल तर थेट बसवणे सगळ्यात भक्कम. हलणारे भाग जितके कमी, तितके पुढे सैल होणारे भाग कमी. पण बहुतेक होड्यांवर ही सोय नसते आणि वर-खाली होणारा स्प्रिंगचा ब्रॅकेट घ्यावा लागतो.

ब्रॅकेट घेताना त्यावर लिहिलेली दोन्ही मापे पाहा, एचपी आणि वजन. टू-स्ट्रोकच्या काळात बनलेल्या ब्रॅकेटांवर एचपीचा आकडा मोठा दिसतो, पण आजचे ९.९ एचपीचे फोर-स्ट्रोक इंजिन चाळीस-पन्नास किलोच्या घरात असते आणि जुन्या ब्रॅकेटची स्प्रिंग त्याला पुरत नाही. ती पुरली नाही तर डुलत्या होडीत मागे वाकून एवढे वजन हाताने उचलायची वेळ येते. पाठ दुखणे ही त्यातली लहान गोष्ट. तोल जाऊन पाण्यात पडण्याचा धोका खरा आहे.

माझा ट्रान्सम हे सगळे पेलेल का?

फायबरच्या पुष्कळ होड्यांमध्ये ट्रान्समच्या आत प्लायवुड असते. बाहेरून चकचकीत दिसणारा ट्रान्सम आतून कुजलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला की शंका घ्या. मुख्य इंजिन अर्धे वर करून त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि ट्रान्समकडे पाहा. तो हलताना दिसला किंवा कोपऱ्यात बारीक तडे असतील तर काम तिथेच थांबवा. तरीही खात्री होत नसेल तर आतल्या बाजूने, पाण्याच्या पातळीच्या वर, बारीक ड्रिलने एक भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर उत्तम. काळपट, ओला निघाला तर आधी ट्रान्समची दुरुस्ती, मग इंजिन.

होडीवर क्षमतेची पाटी असेल तर तीही वाचा. दुसऱ्या इंजिनाचे, त्याच्या बॅटरीचे आणि पेट्रोलचे वजन माणसांच्या आणि सामानाच्या वजनातून वजा होते. एकूण एचपी कशी मोजायची आणि नोंदणीत, विम्यात दुसरे इंजिन दाखवायचे का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. भोक पाडण्याआधी ते विचारून घ्या.

बोल्ट कसे लावावेत?

आरपार. लाकडात शिरणारे स्क्रू या कामाला चालत नाहीत. ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद वॉशर किंवा त्याहून चांगली अशी अॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि न ढिले होणारे नट.

ट्रान्सममध्ये प्लायवुड असेल तर भोक आधी मोठे पाडा, ते इपॉक्सीने भरून टाका आणि ते कडक झाल्यावर त्यातून योग्य मापाचे भोक पाडा. बोल्टाभोवती इपॉक्सीचे अस्तर राहते. पुढे सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. यात एक दिवस जास्त जातो, पण हा टप्पा गाळू नका. सागरी वापराचे सीलंट बोल्टाच्या डोक्याखाली, भोकात आणि ब्रॅकेटच्या मागे लावा. आधी हलके आवळा, सीलंट थोडे बसू द्या आणि मग पूर्ण आवळा; एकदम आवळले तर सगळे सीलंट बाहेर निघून जाते.

अॅल्युमिनियमच्या होडीत काळजी वेगळी. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. मध्ये प्लास्टिकचे वॉशर आणि गंजरोधक पेस्ट लावा. ब्रॅकेटच्या मागे लाकडी ठोकळा द्यायचा असेल तर तांब्याच्या क्षारांनी मुरवलेले लाकूड नको. तेही अॅल्युमिनियम खाते.

इंजिन ट्रान्समला आवळून धरणाऱ्या, हाताने फिरवायच्या कड्या कंपनाने सैल होतात. त्यांच्यावर विसंबू नका. इंजिनाला बोल्टासाठी भोके दिलेली असतील तर बोल्ट लावा, आणि शिवाय एक साखळी किंवा स्टीलची दोरी होडीला बांधून ठेवा.

डावी बाजू की उजवी?

याला एकच उत्तर नाही. चालकाची खुर्ची एका बाजूला असते, म्हणून वजन सारखे करायला इंजिन दुसऱ्या बाजूला जाते. पण टिलर, म्हणजे इंजिन वळवायचा दांडा, हाताने चालवणार असाल तर तुमचा सवयीचा हात, टिलर फिरायला लागणारी जागा आणि गियरचा दांडा कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचे. सोनारचा, म्हणजे पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सड्यूसर (पाण्यातला सेन्सर) असेल त्या बाजूला इंजिन लावू नका, नाही तर पंख्याच्या फेसामुळे पडद्यावर कचरा दिसतो. शिडीसमोर तर नकोच. वजन एका अंगाला झुकले तर बॅटरी किंवा पेट्रोलची टाकी दुसऱ्या बाजूला सरकवा.

दोन्ही इंजिने एकाच स्टीअरिंगवर चालतील का?

चालतील. मुख्य इंजिन आणि छोटे इंजिन यांच्यामध्ये एक जोडदांडा लावतात. त्याच्या दोन्ही टोकांना गोळीचे सांधे असतात आणि एक टोक पटकन सुटणारे असते. चाक फिरवले की मुख्य इंजिन वळते आणि ते छोट्यालाही आपल्याबरोबर वळवते. दिवसभर मागे वाकून टिलर धरण्यापेक्षा हे कितीतरी बरे. समोर पाहत होडी चालवता येते आणि ऑटोपायलट असेल तर तोही कामाला येतो.

दांडा लावल्यावर धक्क्याला बांधलेल्या होडीतच सगळे प्रकार करून पाहा. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मुख्य इंजिन खाली असताना, थोडे वर असताना. कुठेही दोन्ही झाकणे एकमेकांना घासता कामा नयेत आणि दांडा अडकून चाक मध्येच थांबता कामा नये. अडकत असेल तर दांड्याची लांबी किंवा जोडाची जागा बदला. बहुतेक दांडे मुख्य इंजिन खाली असतानाच नीट चालतात. ते पूर्ण वर केले तर कोन बिघडतो.

मुख्य इंजिनावर वेगाने निघण्यापूर्वी दांडा सोडायचा आणि छोटे इंजिन वर करून कुलूपबंद करायचे, हा नियम ठेवा. काही जोडणींमध्ये छोटे इंजिन वर असताना दांडा जोडलेला राहू शकतो. बनवणाऱ्याने तसे स्पष्ट लिहिले असेल तरच तसे करा.

ट्रोलिंग करताना मुख्य इंजिन पाण्यात ठेवू की वर उचलू?

मी खाली ठेवण्याच्या बाजूचा आहे. पाण्यातला त्याचा पाय, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, सुकाणूसारखा काम करतो. छोटे इंजिन कडेला असल्यामुळे होडीचे तोंड सतत दुसऱ्या बाजूला वळू पाहते, आणि मधला पाय ती ओढ बरीच कमी करतो. आडव्या वाऱ्यात हे विशेष जाणवते. त्याच्यामुळे पाण्याचा अडथळा वाढतो हे खरे, पण ट्रोलिंगमध्ये वेग कमीच हवा असतो. घरी परतायला छोट्याच इंजिनावर यावे लागले तर मात्र मुख्य इंजिन वर उचला आणि दिशा टिलरने सांभाळा.

पेट्रोल एकाच टाकीतून घेतले तर?

घेता येते, पण मोठ्या इंजिनाच्या नळीला टी जोडून नव्हे. मोठ्या इंजिनाची ओढ जास्त असते. छोटे बंद असताना ते त्याच्या नळीतून हवा खेचू शकते. टाकीतूनच दोन वेगळ्या नळ्या काढा आणि प्रत्येकीला पाणी वेगळे करणारा स्वतःचा फिल्टर द्या.

मला स्वतःला वेगळी छोटी टाकी पसंत आहे. टाकीत पाणी शिरले किंवा पेट्रोल खराब निघाले तर एकाच टाकीवरची दोन्ही इंजिने एकाच दिवशी बंद पडतात, आणि दुसरे इंजिन ठेवण्याचा अर्थच उरत नाही. ट्रोलिंगच्या वेगाला ९.९ एचपीचे फोर-स्ट्रोक ताशी साधारण एक ते दोन लिटर पिते, त्यामुळे बारा लिटरची टाकी बहुतेक दिवस पुरते. सुटी टाकी भरताना ती होडीतून बाहेर काढून जमिनीवर ठेवून भरा. होडीच्या तळात साठणारी वाफ जीवघेणी असते.

एक इंजिन फोर-स्ट्रोक आणि दुसरे ऑइल मिसळून चालणारे टू-स्ट्रोक असेल तर टाक्या वेगळ्याच हव्यात, आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.

बॅटरीचे कसे करायचे?

छोटे इंजिन सेल्फ-स्टार्टचे असेल तर त्याला स्वतःची बॅटरी द्या. त्याचा अल्टरनेटर छोटा असतो आणि ट्रोलिंगच्या कमी फेऱ्यांना त्याहूनही कमी वीज देतो. नकाशा दाखवणारा प्लॉटर, सोनार, आमिष खोल नेणारा डाउनरिगर आणि लाइव्ह-वेलचा, म्हणजे जिवंत आमिषाच्या टाकीचा, पंप एकदम चालले तर तो पुरत नाही, आणि संध्याकाळी मोठे इंजिन सुरू करायला बॅटरीत जीव उरत नाही.

दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण टोकांना जाड केबलने जोडा, स्टार्टरच्या केबलइतक्याच जाडीच्या. ती नसेल तर एखाद्या बारीक वायरमधून स्टार्टरचा प्रवाह वाट काढू शकतो आणि ती वायर जळते.

शक्य असेल तर दोरी ओढूनही सुरू होणारे मॉडेलच निवडा.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

ट्रोलिंगसाठी फोर-स्ट्रोक. आयडलवर ते शांत चालते, धूर जवळजवळ नसतो आणि प्लग काळे होत नाहीत. ब्रॅकेट किंवा ट्रान्सम जास्त वजन पेलणार नसेल तेव्हाच टू-स्ट्रोकचा विचार करा.

पेट्रोलऐवजी इलेक्ट्रिक मोटर पुरेल का?

छोट्या, शांत पाण्यात आणि हलक्या होडीला उत्तम. होडीच्या दर शंभर पौंड वजनामागे किमान दोन पौंड थ्रस्ट, हा सर्वसाधारण हिशेब. म्हणजे भरून तीन हजार पौंडांच्या होडीला साठ पौंड, आणि वारा असेल तर त्याहून जास्त. पण बारा व्होल्टची ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात सुमारे पन्नास अँपिअर ओढते, त्यामुळे शंभर अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांच्या आतबाहेर संपते. कमी वेगात ती बरीच जास्त टिकते. उघड्या समुद्रात किंवा जोराच्या प्रवाहात दिवसभर ट्रोलिंग करायचे असेल तर पेट्रोलचे इंजिनच हवे.

जीपीएसवर वेग बरोबर दिसतो, तरी आमिष नीट चालत नाही. का?

कारण जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो आणि आमिषाला फक्त पाणी कळते. एक नॉटच्या प्रवाहाबरोबर तुम्ही जमिनीच्या हिशेबाने अडीच नॉटने जात असाल तर आमिष पाण्यातून दीडच नॉटने सरकते. तिथून वळून प्रवाहाविरुद्ध गेलात आणि जीपीएसवर पुन्हा अडीच ठेवलेत तर आमिषाला साडेतीन नॉट मिळतात. म्हणून एका दिशेला मासे लागतात आणि परत फिरल्यावर सगळे गप्प होते.

तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्यात कोणत्या कोनात जाते ते पाहा, काठीचे टोक कसे थरथरते ते पाहा, आणि आमिष होडीच्या कडेला ओढून त्याची चाल डोळ्यांनी तपासा. पाण्यातला वेग मोजणारा सेन्सर असेल तर फारच छान.

वेग बारीक बदलता यावा यासाठी थ्रॉटलचे बारीक नियंत्रण हवे. टिलरची मूठ घट्ट राहण्यासाठी असलेला स्क्रू थोडा आवळा, म्हणजे कंपनाने ती आपोआप सरकत नाही. पण तातडीच्या वेळी हाताने लगेच फिरवता येईल इतपतच.

मोठ्या इंजिनावर जोरात जाताना छोट्याचे काय करायचे?

ब्रॅकेट वर, इंजिन तिरके करून कुलूपबंद, आणि पायाभोवती पट्टा. लाटेवर होडी आपटते तेव्हा मागे लटकलेले पन्नास किलोचे वजन ब्रॅकेटच्या बोल्टांना प्रत्येक वेळी हिसका देते. ब्रॅकेट मोडतात ते ट्रोलिंग करताना नव्हे, असेच. पाय पाण्याच्या फवाऱ्यात येत असेल तर आणखी वर घ्या. दर काही फेऱ्यांनी सगळे नट पान्याने तपासा.

मुख्य इंजिन बंद पडले तर हे मला घरी आणेल?

शांत हवेत हो, हळूहळू. समोरून तीन नॉटचा प्रवाह असेल आणि तुमचे इंजिन होडीला पाच नॉट देत असेल तर किनाऱ्याकडे सरकणार फक्त दोन नॉटने. ओहोटी उलटण्याची वाट पाहणे कधीकधी जास्त शहाणपणाचे, म्हणून पुरेशा दोरीसह नांगर होडीत असलाच पाहिजे. दूर जाण्यापूर्वी एकदा मुद्दाम छोट्या इंजिनावरच तासभर चालून पाहा: वेग किती मिळतो, पेट्रोल किती जाते. तो आकडा ठाऊक असेल तर किती लांब जायचे हे ठरवता येते.

आणि ते प्रत्येक फेरीत सुरू करा, त्या दिवशी ट्रोलिंग नसले तरी. महिनाभर न चाललेले इंजिन वादळाच्या तोंडावर सुरू होईल अशी आशा धरू नका.

एकट्याने ट्रोलिंग करताना कशाची काळजी घ्यावी?

दोन नॉट म्हणजे चालण्यापेक्षाही कमी वेग, त्यामुळे धोका वाटत नाही. पण कपड्यांसह पाण्यात पडलेला माणूस दोन नॉटने जाणारी होडी पोहून गाठू शकत नाही, आणि ऑटोपायलट चालू असेल तर होडी सरळ निघून जाते. लाइफजॅकेट अंगावर असू द्या, आणि बंद करण्याच्या स्विचची दोरी अंगाला अडकवलेली. ही दोरी छोट्या इंजिनाची हवी; अनेक जण मुख्य इंजिनाची लावून बसतात आणि चालू मात्र दुसरेच असते. पाण्यातून पकडता येईल अशी शिडी खाली सोडता आली पाहिजे.

धुराकडेही लक्ष द्या. वारा मागून असेल आणि वर ताडपत्री किंवा केबिन असेल तर कार्बन मोनॉक्साइड होडीत परत येतो. त्याला वास नसतो. डोके जड वाटले तर लगेच दिशा बदला आणि पुढची खिडकी उघडा.

देखभालीत काय विसरले जाते?

तंगूस. मागे गळ सोडलेले असताना वळण घेतले की तुटलेली तंगूस पंख्यामागे शाफ्टला गुंडाळली जाते आणि हळूहळू सील कापते. मग गियरच्या ऑइलमध्ये पाणी शिरते. पंखा काढून शाफ्ट पाहण्याची सवय लावा. गियर ऑइल दुधाळ दिसले तर सील गेले आहे. ते बदलल्याशिवाय चालवू नका.

नव्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण वीस तासांनी आणि त्यानंतर दर शंभर तासांनी किंवा वर्षाने बदलतात; नेमके माहितीपुस्तकात पाहा. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने आतून धुवा. दिवसाच्या शेवटी, गळ वर घेतल्यावर, पाच-दहा मिनिटे जास्त थ्रॉटलवर चालवा म्हणजे आतला ओलावा आणि पेट्रोलचा अंश जळून जातो. कार्ब्युरेटरचे इंजिन बरेच दिवस उभे राहणार असेल तर त्यातले पेट्रोल काढून टाका, नाही तर बारीक जेट चिकटतात. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा अॅनोड, गोड्यासाठी मॅग्नेशियमचा; इंजिनाऐवजी गंजून झिजावा म्हणून लावलेला हा धातूचा तुकडा असतो. अर्धा झिजला की बदला, आणि त्यावर रंग कधीच लावू नका.

जुने इंजिन घ्यावे का?

घ्यावे, पण ते थंड असताना पाहायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर ते कसे सुरू होते हे कळत नाही. पाणी बाहेर फेकणारी धार जोरदार आहे का, गियर ऑइलचा रंग कसा आहे, कड्यांचे स्क्रू फिरतात की गंजून बसले आहेत, हे पाहा. आयडलवर वीस मिनिटे सलग चालवायला सांगा; ट्रोलिंगला तेच हवे असते, आणि पूर्ण थ्रॉटलवर छान वाजणारी पुष्कळ जुनी इंजिने नेमकी इथेच बंद पडतात. आणि शाफ्टची लांबी मोजायला टेप सोबत घेऊन जा.